विश्लेषण : आक्रमक बचावपटूची खरी किंमत किती? शादलुईच्या पाच पर्वांचा हिशेब

दोन विजेतेपदे, एक उपविजेतेपद आणि दोनदा बाद फेरीच्या बाहेर. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई प्रो कबड्डीत ज्या संघांकडून खेळला, त्यांची ही पाच पर्वांची कामगिरी. मग पकड करणाऱ्या खेळाडूवर कोटी रुपये लावणे नेमके कधी परवडते?

कबड्डीत मोठा पैसा चढाईपटूला मिळतो, हे कोल्हापूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१९ च्या प्रो कबड्डी लिलावात १.४५ कोटी रुपयांना तेलुगू टायटन्सकडे गेला आणि त्या लिलावातील सर्वांत महागडा खेळाडू ठरला. जयसिंगपूर, शिरोळ, इचलकरंजीच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलांसाठी अर्थ सरळ होता : नाव आणि दाम चढाईत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये या समजाला धक्का बसला. मुंबईतील लिलावात पुणेरी पलटणने शादलुईसाठी २.३५ कोटी रुपये मोजले. तो मुळात डावा कोपरारक्षक, म्हणजे बचावपटू. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती ५ कोटींची. म्हणजे जवळपास निम्मी थैली एका बचावपटूवर रिकामी झाली.

आक्रमक बचावपटू म्हणजे काय?

कोपऱ्यावरचा गडी सहसा वाट पाहतो. चढाईपटू आत आला, वळला किंवा त्याचा पाय हाताच्या टप्प्यात आला की घोट्याला पकड घालायची, ही जुनी शिकवण. शादलुई वाट पाहत नाही. चढाईपटू स्थिरावण्याआधीच तो अंगावर जातो. शिवाय गरज पडली की स्वतः चढाईलाही निघतो.

यात धोका कोणता?

हे साध्या गणिताने समजते. चढाईपटू गुण न घेता परतला, तर कोणाला काही मिळत नाही. पकड यशस्वी झाली तर १ गुण, प्रतिस्पर्ध्याचा चढाईपटू बाहेर आणि आपला एक बाद गडी परत आत. पकड फसली तर नेमके उलटे. नफा आणि तोटा सारखाच असल्याने विनाकारण पुढे जाऊन केलेली पकड निम्म्याहून जास्त वेळा यशस्वी झाली, तरच फायद्याची.

मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील, तर चित्र बदलते. तेव्हा अव्वल पकडीचे २ गुण मिळतात. निव्वळ गुणांचा विचार केला, तर तीनपैकी एक पकड साधली तरी हिशेब बरोबरीत सुटतो.

याउलट सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण न मिळाल्यास चढाईपटू आपोआप बाद होतो आणि बचाव करणाऱ्या संघाला गुण मिळतो. अशा वेळी अंगावर जाणे म्हणजे हाती येणारा गुण पणाला लावणे. आक्रमक बचावपटूचा कस ताकदीइतकाच ही वेळ ओळखण्यात लागतो.

आकडे काय सांगतात?

• आठवे पर्व, पाटणा पायरेट्स : पकडीचे ८९ गुण. संघ अंतिम फेरीत दबंग दिल्लीकडून ३६-३७ असा एका गुणाने हरला.

• नववे पर्व, पाटणा पायरेट्स : ८४ गुण. त्यात दिल्लीविरुद्ध एकाच सामन्यात १६. तरीही संघ बाद फेरीबाहेर.

• दहावे पर्व, पुणेरी पलटण : ९९ गुण. पर्वातील सर्वाधिक. संघ विजेता.

• अकरावे पर्व, हरियाणा स्टीलर्स : ८२ गुण. संघ विजेता.

• बारावे पर्व, गुजरात जायंट्स : किंमत २.२३ कोटी. संघ पहिल्या आठातही नाही.

पलटणच्या वर्षाचा हिशेब मांडला, तर पकडीचा एक गुण साधारण २ लाख ३७ हजार रुपयांना पडला. पण या यादीतील खरी गोष्ट वेगळी आहे. पाटण्याकडून ८९ आणि ८४ गुण मिळवताना त्याच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. संघाच्या निकालात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडला.

मग पलटणला काय मिळाले?

शादलुई येण्याआधीही पलटण दुबळी नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये ती अंतिम फेरीत जयपूरकडून २९-३३ अशी हरली होती. संघात अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते असे चढाईपटू होते. शादलुईच्या आसपास गौरव खत्री, अबिनेश नडराजन, संकेत सावंत अशी बचावफळी होती. त्याची एखादी उडी चुकली, तरी मागे सावरणारे हात होते आणि तो बाद झालाच, तर त्याला परत आत आणणारे चढाईपटूही होते.

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. हरियाणाच्या संघात तेव्हा सिद्धार्थ देसाई होता. त्या दिवशी पलटणसाठी सर्वाधिक ९ गुण मिळवले पंकज मोहितेने. त्यातले ४ एकाच चढाईतले. म्हणजे निर्णायक दिवशी भार इतरांनीही उचलला.

त्याच लिलावात पवन सेहरावतसाठी २.६० कोटींहून अधिक मोजणारे तेलुगू टायटन्स मात्र त्या पर्वात तळाला राहिले.

तो गेल्यावर काय झाले?

पुढच्या वर्षी हरियाणाने शादलुईला २.०७ कोटींना घेतले. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातल्याच बालेवाडीत त्यांनी पाटण्याला ३२-२३ असे नमवून करंडक उचलला. पलटण बाद फेरीतही नव्हती. मात्र सगळा दोष शादलुईच्या जाण्याला देता येत नाही. कर्णधार अस्लम दुखापतीमुळे पर्वाच्या मध्यातच बाहेर पडला होता.

२०२५ मध्ये अस्लम परतला. पलटण शादलुईविना पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. त्याच पर्वात शादलुईचा गुजरात संघ आधीच घरी परतला होता.

हॉकीत असेच असते का?

पूर्णपणे नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या १५ गोलांपैकी १० गोल बचावपटू हरमनप्रीत सिंगचे होते. त्यातले ७ पेनल्टी कॉर्नरवर आणि ३ पेनल्टी स्ट्रोकवर. पण पेनल्टी कॉर्नर सुरू होताना प्रतिस्पर्ध्यांचे फक्त पाच जण, गोलरक्षकासह, गोलरेषेमागे असतात. बाकीचे मध्यरेषेपलीकडे. त्यामुळे बचावपटू पुढे गेला तरी मागे लगेच भगदाड पडत नाही. कबड्डीत ती सवलत नाही. तिथे हल्ला आणि बचाव एकाच क्षणी, एकाच जागी होतो.

थोडक्यात

आक्रमक बचावपटू चांगल्या संघाला जिंकणारा संघ बनवू शकतो. मोडक्या संघाला तो एकटा उभा करू शकत नाही. म्हणूनच त्याच्यावरचा मोठा खर्च संघाची घडी बसल्यावर शोभतो, घडी बसवण्यासाठी नाही.

गल्लीतल्या संघालाही हेच लागू पडते. चढाई जमत नाही म्हणून ज्या पोराला कोपऱ्यात उभे केले जाते, त्याची जागा आज दोन कोटींहून अधिक दराची आहे. फक्त त्याच्या शेजारी उभा राहणारा गडीही तितकाच जागा हवा.