पगाराची स्लिप हेच पाठ्यपुस्तक
(लेखमाला : कामावरची साक्षरता – लेखांक ५)

गेल्या आठवड्यात यंत्रांवरच्या सूचना आणि धोक्याच्या पाट्यांबद्दल लिहिले. कामगाराला वाचता यावे असे मालकाला वाटते, ते मुख्यतः एवढ्याचसाठी. कामगाराला विचारले तर तो आधी दुसराच कागद पुढे करतो. या महिन्यात पैसे कमी का आले, हे त्याला त्यावरून समजून घ्यायचे असते.

प्रौढांच्या वर्गातही मुळाक्षरांपासून सुरुवात करायची आपली जुनी खोड आहे. चाळिशीच्या माणसापुढे ‘कमळ बघ’ ठेवायचे आणि तो यायचा थांबला की ‘यांना शिकायचेच नसते’ म्हणायचे! खरे तर वेगळी वाट साठ वर्षांपूर्वीच दिसली होती. ब्राझीलमधल्या आंजिकोस इथे १९६३ मध्ये शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी सुमारे ३०० प्रौढांना त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या शब्दांवरून वाचायला शिकवले. आपल्याकडे १९६७ मध्ये मुंबईत वरळीला पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. कामगाराचे काम, त्याचे घर आणि त्याचे शिक्षण एकत्र धरावे, ही त्यामागची कल्पना. या संस्था आज ‘जन शिक्षण संस्थान’ या नावाने चालतात. पण भर बराचसा शिवणकामासारख्या कौशल्यांवर. स्वतःच्या पगाराचे वाचन मात्र अजून कुणाच्याच अभ्यासक्रमात नीट बसलेले नाही.

म्हणून आज एक स्लिपच उघडू. समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये, इतर भत्ते धरून एकूण १८,०००. हातात पडले १५,९८५. मधले २,०१५ गेले कुठे?

पहिली कपात पीएफची, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,६८०. इथे शिकवणारे टक्केवारीचा धडा काढून बसतात, त्याची गरज नसते. सावकाराचे ‘शेकडा तीन’ ज्याने फेडले आहे, त्याला टक्के कळतात. त्याला फक्त टक्क्याची खूण दाखवायची. दुसरी कपात ईएसआयची म्हणजे कामगार विम्याची, एकूण पगारावर ०.७५ टक्के. हा दशांश पाहून भलेभले गडबडतात, पण ‘शंभराला पाऊण रुपया’ म्हटले की हिशेब तोंडी होतो : १३५ रुपये. ज्यांनी लहानपणी पाऊणकी पाठ केली, ते मास्तरांच्या आधी उत्तर देतात.

राहिले २०० रुपये, व्यवसायकराचे. फेब्रुवारीत हेच ३०० होतात आणि दर वर्षी त्या महिन्यात ‘शंभर रुपये खाल्ले’ अशी कुजबुज सुरू होते. या कराची वर्षाची कमाल मर्यादा २,५०० रुपये आहे. अकरा महिने दोनशे कापले की शेवटी तीनशे उरतात, इतकेच. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ आहे; त्यामुळे शेजारच्या यंत्रावरच्या ताईंच्या हातात त्याच पगारात दोनशे जास्त पडतात. हे कळले नाही, तर संशय सुपरवायझरवर आणि ताईंवरही.

खरी मेख पुढे आहे. कामगाराइतकाच पीएफ मालकालाही भरावा लागतो, त्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. हा मालकाचा वाटा पगारातून कापता येत नाही. तरी काही कंत्राटदार दोन्ही वाटे कामगाराकडूनच वसूल करतात, किंवा कापतात आणि भरतच नाहीत. स्लिपवर कपात दिसते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवेत, आणि झाले की नाही हे पीएफच्या पासबुकात दिसते. तेव्हा स्लिपइतकेच पासबुकही वाचायला शिकवले पाहिजे. असला वर्ग पाळी संपल्यावर ठेवला, तर कंपनीची बस चुकू नये म्हणून अर्धे लोक उठून जातील. तो कामाच्या वेळेतच, पगार न कापता घ्यायला हवा. मालकांना हे महाग वाटते. मला तरी वाटत नाही.

पासबुक उघडायला बारा आकडी यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफ क्रमांक, लागतो आणि मोबाइलवर आलेला ओटीपी. मोबाइलमुळे इंग्रजी आकडे बहुतेकांना अक्षरांच्या आधीच येतात, तेव्हा अडचण आकड्यांची नसते. नोंदवलेला नंबर अनेकदा कंत्राटदाराचा किंवा त्याच्या कारकुनाचा असतो आणि ओटीपी त्यांच्याकडे जातो. तो नंबर बदलून मागणारा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिणे, हाच या वर्गाचा पहिला गृहपाठ.