ताजा भाव वेबसाइटवर दाखवायचा, तर कोणती पद्धत घ्यावी?

मालेगाव-भिवंडीकडे सुताचा किंवा कापडाचा भाव विचारायचा तर व्यापारी फोन उचलतो. हाच भाव आता आपल्या वेबसाइटवर क्षणोक्षणी दिसावा, असे ज्या व्यापारी बांधवांना वाटते, त्यांना वेबसाइट बनविणारा बहुधा म्हणतो, "वेबसॉकेट लावू", आणि त्याचे पैसे बिलात जोडतो. नाव भारदस्त असल्याने आपण मान डोलावतो. परंतु होकार देण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. माहिती एकाच बाजूने जायची आहे की दोन्ही बाजूंनी? आणि किती उशीर चालेल?

मुळात वेबचा कारभार असा, की गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधील ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो आणि गप्प बसतो. म्हणून सर्वात सोपा उपाय म्हणजे ब्राउझरने पुन्हापुन्हा विचारत राहणे. यास पोलिंग म्हणतात. समजा, 200 गिऱ्हाइके आठ तास पान उघडे ठेवून आहेत आणि प्रत्येकाचा ब्राउझर दर दोन सेकंदांनी भाव विचारतो. दिवसात 28 लाख 80 हजार विचारणा झाल्या. भाव मात्र दहाच वेळा बदलला, म्हणजे कामाचे निरोप फक्त दोन हजार. बाकीच्या फुकट येरझाऱ्यांचा भार आपल्याच सर्व्हरवर. हेच दर पाच मिनिटांनी विचारले तर आकडा 19,200 वर येतो. माल रंगाईहून आला की नाही, हे पाच मिनिटे उशिरा कळले तर काय बिघडते? अशा कामाला पोलिंग पुरे आहे.

भावाचे तसे नाही. तो लगेच कळला पाहिजे, पण तो जातो एकाच बाजूने, आपल्याकडून गिऱ्हाइकाकडे. यासाठी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स ही पद्धत आहे. ब्राउझर एकदाच विचारतो, सर्व्हर जोडणी उघडी ठेवतो आणि भाव बदलला की कळवितो. रेंज जाऊन जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतःच पुन्हा जोडणी करतो. यातून फक्त मजकूर जातो, चित्र किंवा आवाज नाही. भावाला तेवढेच लागते. माझ्या मते आपल्या बहुतेक व्यापाऱ्यांचे काम येथेच भागते.

वेबसॉकेट 2011 साली प्रमाणित झाले. त्यात दोन्ही बाजू केव्हाही बोलू शकतात. लिलाव, घासाघीस, सतत चालणारे संभाषण यांसाठी ते उत्तम. पण जोडणी तुटल्यावर ती पुन्हा जोडणे आणि मधले हुकलेले निरोप देणे, हे काम प्रोग्रामरला लिहावे लागते. ते दरात धरले आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. तिसरी पद्धत वेबआरटीसी, व्हिडिओ आणि आवाजासाठी. थेट जोडणी जमली नाही तर तिला मधला सर्व्हर लागतो व त्याचा खर्च वेगळा. कापडाचा नमुना दाखवायला व्हॉट्सअ‍ॅप असताना हा खटाटोप कशाला?

होस्टिंगचेही पाहावे. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीने उघडी ठेवलेली प्रत्येक जोडणी साधारणपणे एक प्रोसेस अडवून बसते. थोडीच गिऱ्हाइके आली तरी वेबसाइट अडखळते.

आणि मोबाइल खिशात, पडदा बंद, अशा वेळी यांतील कोणत्याही पद्धतीवर विसंबता येत नाही. त्यासाठी वेब पुश ही सूचना देण्याची निराळी सोय मागावी लागते. आयफोनवर ती मार्च 2023 पासून आहे, तीही वेबसाइट होम स्क्रीनवर ठेवली असेल तरच.

पद्धत कोणतीही घ्या, गिऱ्हाइकाने ऑर्डरचे बटण दाबले की सर्व्हरने त्या क्षणीचा भाव पुन्हा तपासावा आणि बदलला असेल तर नवा भाव दाखवून पुन्हा मंजुरी घ्यावी, हे करारात लिहून घ्यावे. सौद्याच्या वेळी किंमत दोन्ही बाजूंना ठाऊक असणे ही खरेदी-विक्रीची शरई अट आहे, आणि पडद्यावर राहिलेला जुना भाव ती पूर्ण करीत नाही.