तोच चेहरा, निराळी पाठ

अकिरा कुरोसावा म्हटलं की डोळ्यांसमोर तोशिरो मिफुने येतो, तलवार उपसलेला आणि गुरकावणारा. हिशेब मांडला तर मात्र मिफुनेच्या वाट्याला कुरोसावांचे 16 सिनेमे आले, ताकाशी शिमुरांच्या वाट्याला 21.

शिमुरांचा जन्म 1905 चा, ह्योगो प्रांतातल्या इकुनो या खाणीच्या गावचा. शिकत असताना त्यांनी ओसाका पालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली. मग नाटकाचा नाद लागला आणि तिशीच्या उंबरठ्यावर ते सिनेमात आले. 1939 च्या एका संगीत सामुराईपटात तर चक्क गायलेही.

'इकिरू' (1952) केला तेव्हा ते 47 वर्षांचे होते. पडद्यावरचा वातानाबे मात्र पार म्हातारा दिसतो. पालिकेतला हा खातेप्रमुख वर्षानुवर्षं कागदांवर शिक्के उमटवत आला आहे, आणि आता पोटात कॅन्सर. शिमुरांनी मान खांद्यांत रुतवली, आवाज घशातच अडवला, डोळे तेवढे मोठे ठेवले. तरुणपणी खाल्लेली कचेरीची हवा वाया गेली नसावी.

दोनच वर्षांनी 'सेव्हन सामुराई'तला काम्बेई पाहा. पाठ ताठ, पावलं मोजकी. ओलीस धरलेल्या पोराला सोडवण्यासाठी भिक्षूचं सोंग घ्यायचं म्हणून तो डोकं भादरून घेतो आणि पुढे सिनेमाभर विचारात पडला की त्या टकलावरून हात फिरवत राहतो. सेनापतीपण दाखवायला शिमुरांना एवढं पुरतं. त्याच 1954 साली 'गोजिरा'त ते शास्त्रज्ञ यामाने झाले: सारं तोक्यो राक्षसाला मारायला निघालंय आणि हा गृहस्थ म्हणतोय, त्याचा अभ्यास करू द्या!

रंगभूषेच्या जोरावर वेगळे दिसणारे नट पुष्कळ असतात. शिमुरांचा तो जाड ओठांचा चेहरा बहुतेकदा ओळखू येतोच. बदलतो तो अंगातला भार. मला विचाराल तर यातली सर्वांत अवघड भूमिका 'स्कँडल'मधल्या (1950) हिरुता वकिलाची. अशिलाची फी घ्यायची आणि विरुद्ध पक्षाकडूनही पैसे खायचे, असा हा माणूस. वर घरी क्षयाने अंथरुणाला खिळलेली मुलगी. त्याचा राग येतो, कीवही येते, आणि शिमुरा आपल्याला दोन्हींपैकी एकही निवडू देत नाहीत. हे पात्र आपल्या हातातून निसटून सिनेमाच बळकावून बसलं, अशी कबुली खुद्द कुरोसावांनी आत्मचरित्रात दिली आहे.

1980 च्या 'कागेमुशा'त कुरोसावांनी त्यांना पुन्हा बोलावलं. परदेशात गेलेल्या प्रतीत नेमकी त्यांच्याच प्रसंगांना कात्री लागली. 1982 च्या फेब्रुवारीत शिमुरा वारले.