पाळणाघराच्या परवान्यावरचे तारे

तारे येतात कुठून

अमेरिकेत पाळणाघर चालवायला सहसा राज्याचा परवाना लागतो. पण परवाना म्हणजे किमान सुरक्षितता. तिथे मूल शिकतं का, रमतं का, हे त्यावरून कळत नाही. म्हणून १९९८ मध्ये ओक्लाहोमाने पाळणाघरांना तारे द्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने ते थेट परवान्यावरच आणले आणि हळूहळू बहुतेक राज्यांनी आपापली पद्धत बसवली. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-केरी परिसरात बरीच मराठी कुटुंबं आहेत. बाळासाठी जागा शोधताना त्यांचीही या ताऱ्यांशी गाठ पडतेच.

नॉर्थ कॅरोलायनात अनेक वर्षं चाललेलं गणित १५ गुणांचं होतं: कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाला ७, वर्गातल्या कामकाजाला ७ आणि एक जादा गुण. १३ किंवा जास्त गुण मिळाले की पाच तारे. एक तारा म्हणजे जागा वाईट, असं मात्र नाही. किमान नियम पाळले जातात, एवढाच त्याचा अर्थ. धार्मिक संस्थांच्या काही केंद्रांना तारेच नसतात, कारण त्यांना वेगळ्या तरतुदीखाली चालवायची मुभा आहे.

वर्गात काय पाहतात

वर्ग तपासण्यासाठी वापरली जाणारी मोजपट्टी याच राज्यातल्या चॅपल हिलच्या विद्यापीठात थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी तयार केली. तिच्यात १ ते ७ गुण असतात. निरीक्षक कोपऱ्यात काही तास बसून राहतात आणि बारीकसारीक गोष्टी टिपतात. डायपर बदलल्यावर ताईंनी स्वतःचे हात धुतले, पण बाळाचे धुतले का? पुस्तकं मुलाच्या हाताला लागतील अशी ठेवली आहेत की उंच फळीवर? ताई मुलाशी फक्त 'बस', 'ऊठ', 'आवर' एवढंच बोलतात, की काही विचारून उत्तराची वाटही पाहतात? मला या मोजपट्टीतलं हे शेवटचं निरीक्षण सर्वांत मोलाचं वाटतं. रंगवलेल्या भिंती आणि महागडी खेळणी पाहून आपण भुलतो. मूल वाढतं ते अशा बोलण्यातून.

दर्जाचा खर्च कोण भरणार

इथे खरी अडचण सुरू होते. वर्षाच्या आतल्या पाच बाळांमागे एक ताई हवी, हा राज्याचा किमान नियम. म्हणजे पाच घरांच्या फीमधून एका ताईंचा पगार, भाडं, विमा आणि जेवण, सगळं भागवायचं. फी वाढवली तर पालकांना परवडत नाही, आणि पगार कमी ठेवला तर शिकलेल्या ताई टिकत नाहीत.

म्हणून ताऱ्यांच्या जोडीला पैसा लागतो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या फीचा मोठा भाग सरकार भरतं आणि जास्त तारे असलेल्या केंद्राला जास्त दर देतं. पण हा दर त्या त्या काउंटीतल्या बाजारभावावरून ठरतो. जिथे पालक मुळातच कमी फी भरू शकतात, तिथे पाच ताऱ्यांनाही कमी पैसे मिळतात. गरीब भागातल्या चांगल्या केंद्राला ही शिक्षाच आहे, आणि ती बदलायला हवी.

त्यामानाने १९९० मध्ये याच राज्यात सुरू झालेली 'टीच' शिष्यवृत्ती मला फार शहाणपणाची वाटते. नोकरी करत शिकणाऱ्या ताईंच्या कॉलेजच्या फीचा आणि पुस्तकांचा बराचसा भार ती उचलते. बदल्यात त्यांनी ठरावीक काळ त्याच केंद्रात राहायचं आणि केंद्राने पगार किंवा बोनस वाढवायचा. 'वेजेस' ही जोडयोजना शिक्षणानुसार पगाराला पूरक रक्कम देते, तीही सहा महिने त्याच जागी टिकल्यावर. तारे वाढतात ते अशा पैशाने.

मोठं अनुदान आणि त्यानंतर

कोविडमध्ये पाळणाघरं धडाधड बंद पडू लागली, तेव्हा २०२१ च्या मदत कायद्यात केंद्र सरकारने ती तगवण्यासाठी सुमारे २४ अब्ज डॉलर ठेवले. भाडं, पगार, साफसफाई अशा रोजच्या खर्चाला ते वापरता आले. सप्टेंबर २०२३ अखेर त्या पैशाची मुदत संपली. काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून थोडा काळ भर घातली, पण एकदाच मिळणाऱ्या पैशावर दरमहाचा पगार फार दिवस निघत नाही.

पालकांनी काय पाहावं

परवान्यावरचे तारे पाहाच, शिवाय राज्याच्या संकेतस्थळावर त्या केंद्राच्या तपासणीच्या नोंदीही वाचा. तारे ठरावीक काळाने मोजले जातात आणि मधल्या काळात माणसं बदलतात. म्हणून तुमच्या बाळाच्या खोलीतल्या ताई इथे किती वर्षं आहेत आणि त्यांच्या आधीच्या का गेल्या, हे संचालकांना सरळ विचारा.