पाव टक्क्याने काय होते?

मुंबईच्या फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या दारातून निघाले, की दलाल स्ट्रीटवरच्या शेअर बाजारापर्यंत पोहोचायला पायी दहा-बारा मिनिटे पुरतात. पतधोरणाच्या दिवशी बातमीला तेवढाही वेळ लागत नाही. गव्हर्नरांचे वाक्य पुरे होण्याआधीच पडद्यावरचे आकडे हलू लागतात. आणि संध्याकाळी घरोघरी प्रश्न तोच, की पाव-अर्ध्या टक्क्यासाठी एवढा गहजब कशाला?

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे उत्तर हुंडीत सापडते. व्यापारी पुढच्या तारखेची हुंडी घेऊन येतो. बँक मधल्या काळाचे व्याज, म्हणजे वटाव, कापून घेते आणि उरलेली रक्कम आज हातावर ठेवते. शेअर तरी दुसरे काय असतो? कंपनीच्या येणाऱ्या अनेक वर्षांच्या नफ्यावरची, तारीख न घातलेली हुंडीच. दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत आठ टक्के चक्रवाढीने सुमारे ४६ रुपये होते. दहा टक्क्यांनी साडेअडतीस. कारखाना तोच, कामगार तेच, मालही तोच, पण किंमत सहाव्या हिश्श्याने उतरली! ज्यांचा नफा अजून दूर क्षितिजावर आहे, त्या कंपन्यांना व्याजवाढ जास्त झोंबते ती यामुळे. घरे आणि मोटारी कर्जावर विकल्या जातात, म्हणून त्या धंद्यांच्या शेअरांतही हालचाल लगेच दिसते.

पण हे झाले अर्धेच उत्तर. ठरल्या वेळी येणाऱ्या पाहुण्यासाठी बाजार आधीच पाट मांडून बसलेला असतो. त्याला हलवतो तो अवचित आलेला पाहुणा. १५ जानेवारी २०१५ रोजी, संक्रांतीच्या त्या दिवसांत, रघुराम राजन यांनी ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर आठवरून पावणेआठ टक्क्यांवर आणला. कपात अवघी पाव टक्का, आणि सेन्सेक्स ७२९ अंकांनी वर!

उलट प्रसंग ४ मे २०२२चा. आयुर्विमा महामंडळाच्या शेअरविक्रीचा तो पहिला दिवस. विमाधारकांसाठी राखीव हिस्सा होता, त्यामुळे जन्मात शेअर न घेतलेल्यांनीही डीमॅट खाती उघडली होती. दुपारी दोन वाजता शक्तिकांत दास यांनी रेपो दर चारवरून ४.४० टक्के केला, शिवाय बँकांचे रोख राखीव प्रमाण अर्ध्या टक्क्याने वाढवले. बाजार बंद होईतो सेन्सेक्स १,३०७ अंकांनी कोसळला. पुढे फेब्रुवारी २०२३ पर्यंत दर साडेसहावर गेला. पण ही वाढ चालू असतानाच, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, सेन्सेक्स ६३ हजारांच्या वर बंद झाला होता. अमेरिकेतल्या व्याजवाढीचा वेग मंदावेल ही आशा त्यामागे होतीच. पण इकडे अवचितपणाही सरला होता.

आणि कधी कधी दर का बदलला, हेच दरापेक्षा मोठे होऊन बसते. २७ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तिसऱ्या दिवशी, दर ५.१५ वरून एकदम ४.४० टक्क्यांवर आला. कपात पाऊण टक्क्याची! बाजार आधी उसळला आणि दिवसअखेर १३१ अंक खाली बंद झाला. वैद्याने नेहमीच्या तिप्पट मात्रा दिली, तर घरच्यांना धीर येण्याऐवजी धडकीच भरते.

आता हे सारे डोंबिवलीतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात आणून पाहू. ६ जून २०२५ रोजी संजय मल्होत्रा यांनी दर अर्ध्या टक्क्याने उतरवून साडेपाचवर आणला. सेन्सेक्स ७४७ अंकांनी चढला. मुलाचे गृहकर्ज रेपोशी बांधलेले, म्हणून त्याला दिलासा मिळाला. वडिलांची दहा लाखांची ठेव मात्र मुदत संपताच सातऐवजी साडेसहा टक्क्यांनी नव्याने ठेवावी लागली, तर वर्षाला पाच हजार कमी. एकाच छपराखाली एकाचा फायदा, दुसऱ्याचा तोटा. मग शेजारचे सल्ला देतात, ‘काका, ठेवीत आता काय उरलंय? मोडा आणि बाजारात टाका.’ असे अनेक काका निघाले, की तो पैसाही बाजाराला वर ढकलतो. व्याजकपातीनंतरच्या तेजीचे हेही एक कारण असते. मला हा सल्ला पटत नाही. ज्याला दर महिन्याच्या एक तारखेला औषधांचे पैसे लागतात, त्याला बाजार तारीख देत नाही.

त्या दिवशीच्या पत्रकात आणखी एक गोष्ट होती. धोरणाचा कल ‘उदार’वरून ‘तटस्थ’ केला होता, म्हणजे पुढच्या कपाती गृहीत धरू नका. शेअरवाले आकड्यावर खूश झाले, रोख्यांच्या व्यवहारातल्या मंडळींनी मात्र हा शब्द वाचला. आमच्या काउंटरवरचे जुने ठेवीदारही त्याच जातीचे. धोरणानंतर बँका ठेवींचे दर सहसा लगेच उतरवत नाहीत, मध्ये काही दिवस जातात, हे त्यांना पक्के ठाऊक असे. बातमीच्या दुसऱ्या दिवशी, शटर उघडायच्या आधीच, पिशवीत पावत्या आणि पासबुक घेऊन ते पायरीवर हजर असत. पाच वर्षांची पावती आजच्या दराने करून द्या, म्हणत.