ठळक अक्षरांचा 'क्लॅरेंडन': हा फॉन्ट नेमका कुठे शोभतो?

डिक्शनरी उघडली की मूळ शब्द ठळक दिसतो आणि त्याचा अर्थ साध्या अक्षरांत. आज हे काम 'बोल्ड'च्या एका बटणावर होतं. पण खिळे जुळवून छपाई व्हायची, त्या काळात ठळक अक्षरांचा वेगळा संचच घडवावा लागायचा. असाच एक गाजलेला संच म्हणजे 'क्लॅरेंडन'.

कुणी आणला?

लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेस्ली यांनी १८४५ मध्ये तो बाजारात आणला. अक्षरं कोरली होती बेंजामिन फॉक्स यांनी. बेस्लींनी डिझाइनची कायदेशीर नोंदणी केली, पण संरक्षण मिळालं फक्त तीन वर्षांचं. मुदत संपताच इतरांनी नकला काढल्या. हा प्रकार इतका पसरला की इंग्रज छापखान्यांत ठळक अक्षरांनाच 'क्लॅरेंडन' म्हणू लागले.

वेगळं काय आहे?

रोमन अक्षरांच्या टोकांना जे छोटे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. हे पाय जाड, ठोकळ्यासारखे असले की तो झाला स्लॅब सेरिफ. असे फॉन्ट आधीही होते, पण ते मुख्यतः जाहिरातींसाठी आणि अंगानं थोराड. क्लॅरेंडनमध्ये पाय आणि उभी रेघ जिथे जुळतात तिथे हलका बाक दिला आहे. 'ए', 'सी', 'आर' या छोट्या अक्षरांची टोकं गोल थेंबासारखी आहेत. त्यामुळे तो वजनदार असूनही साध्या मजकुराच्या ओळीत खटकत नाही.

कुठे वापरावा?

शीर्षक, पोस्टर, पुस्तकाचं कव्हर, दुकानाची पाटी, लोगो. थोडक्यात, जिथे शब्द कमी आणि लांबून वाचायचे आहेत तिथे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवरही पूर्वी तो वापरला जायचा.

कुठे टाळावा?

लांब मजकुरात. अक्षर जाड झालं की त्याच्या पोटातली मोकळी जागा कमी होते. आकार लहान केला की 'ई' आणि 'ए'मधली फट बुजल्यासारखी होते आणि डोळा अडखळतो. म्हणून पोस्ट टाकण्याआधी ती मोबाईलवर थंबनेलएवढी करून बघा. अक्षरं चिकटलेली वाटली तर आकार वाढवा किंवा शब्द कमी करा.

क्लॅरेंडन रोमन लिपीसाठी घडवलेला आहे. मराठी पोस्टमध्ये एखादं इंग्रजी नाव त्यात घेतलंत, तर शेजारी साधारण तितक्याच जाडीचा देवनागरी फॉन्ट निवडा. नाहीतर इंग्रजी नाव पुढे येतं आणि मराठी मागे पडते.

एक गोष्ट मात्र पक्की. ठळक शब्द उठून दिसतो, कारण त्याच्या आजूबाजूचे शब्द साधे असतात. अख्खी पोस्टच बोल्ड केली, तर वाचणाऱ्याला त्यात महत्त्वाचं काय ते कळणारच नाही.