पडून राहिलेली जुनी व्हॅन पुन्हा रस्त्यावर आणताना

खालापूर आणि कर्जत तालुक्यांत खळ्याच्या कडेला किंवा आंब्याखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी व्हॅन अनेक ठिकाणी दिसते. कधी काळी याच गाडीने भाताची पोती, वालाच्या शेंगा, भाजीपाल्याच्या करंड्या खोपोली, पनवेल किंवा वाशीच्या बाजारात नेलेल्या असतात. पुढे एखादा मोठा बिघाड होतो, गाडी उभी राहते. मग बॅटरी एकाने नेली, सेल्फ दुसऱ्याने, नोझल तिसऱ्याने, असे करीत तिचे भाग कमी होत जातात. भाड्याच्या टेम्पोचा खर्च वाढला की तीच गाडी पुन्हा चालू करावी, असा विचार मनात येतो. हा विचार चुकीचा नाही. मात्र पहिला रुपया कोठे खर्च करावा हे ठरविल्याशिवाय कामाला हात घालू नये.

आपल्या भागात अशा गाड्यांत मॅटॅडोर बरीच आढळते. आकुर्डी, पुणे येथील बजाज टेम्पो कंपनीची ही डिझेल गाडी होती. या कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले. मॅटॅडोरचे उत्पादन बंद होऊनही बरीच वर्षे झाली आहेत. त्यामुळे तिचे काही भाग नवे मिळत नाहीत. पुढील माहिती मॅटॅडोर डोळ्यांसमोर ठेवून दिली असली तरी इतर जुन्या डिझेल गाड्यांनाही ती लागू पडते.

काम केव्हा सुरू करावे?

आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ओल्या जमिनीवर जॅक खचतो आणि उघडलेल्या भागांवर लगेच गंज चढतो. कार्तिकी एकादशीला साजगावची बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. त्या सुमारास पाऊस संपलेला असतो आणि भातकापणीही उरकत आलेली असते. तेव्हापासून मे अखेरपर्यंतचा काळ या कामास योग्य समजावा.

आधी कागद, मग पाना

सर्वप्रथम नोंदणी पुस्तक शोधावे व त्यातील चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. क्रमांक जुळत नसेल किंवा गंजून वाचता येत नसेल, तर परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. थकलेला कर, दंड आणि प्रमाणपत्राचे शुल्क किती होते, याचा आकडा लेखी घ्यावा. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील गाड्यांचे हे शुल्क बरेच वाढले आहे. गाडीला १५ वर्षे झाली म्हणजे खाजगी मालकाची गाडी आपोआप भंगारात जात नाही. ती तपासणीत उतरली पाहिजे, हे महत्त्वाचे. तृतीय पक्ष विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्रही आवश्यक आहे. हे सर्व होईपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणू नये. मिस्त्रीकडे न्यायची असल्यास दुसऱ्या गाडीवर लादून न्यावी.

चासी तपासा

गाडी सपाट, टणक जागेवर घेऊन चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. चासीच्या पट्ट्यांवर हातोडीने हलके ठोकावे व शंका येईल तेथे टोच्याने टोचावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज आला किंवा टोचा आत गेला, तर तेथे गंजाने पत्रा खाल्ला आहे. पाट्यांचे व स्टिअरिंगचे आधार जेथे जोडलेले असतात त्या जागा विशेष पाहाव्यात. तळाचा पत्रा बदलता येतो, दरवाजाला ठिगळ लावता येते. परंतु आधाराच्या जागा कुजल्या असतील तर त्या गाडीवर खर्च करू नये.

नसलेल्या भागांची यादी

यानंतर वही घेऊन नसलेल्या व निकामी भागांची यादी तीन गटांत करावी.

१. कोठेही मिळणारे भाग: बॅटरी, फिल्टर, फॅन बेल्ट, होजपाइप, दिवे, वायर, टायर.

२. बनवून घेता येणारे किंवा दुरुस्त होणारे भाग: ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, केबल, तळाचा पत्रा, रेडिएटर, सेल्फ.

३. त्याच गाडीचे लागणारे भाग: फ्युएल पंपाचे भाग, गिअर, स्टिअरिंग बॉक्स, ब्रेक ड्रम, ॲक्सल.

पहिल्या दोन गटांची यादी लांब असली तरी घाबरू नये. गाडीचे भवितव्य तिसऱ्या गटावर ठरते. या गटातील भाग हाती येण्यापूर्वी इतर काहीही विकत घेऊ नये. मुंबईत कुर्ला भागात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तेथे जाताना शक्य तर मोडका भाग सोबत न्यावा. तो नसेल तर ज्याला तो जोडला जातो त्या भागाचे माप, भोकांमधील अंतर आणि फोटो न्यावा. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या भागांत फरक असतो. जुना पंप किंवा नोझल घेतल्यास ते डिझेल पंपाच्या कारागिराकडून तपासून घ्यावे.

इंजिन: सेल्फ मारण्याची घाई नको

बरीच वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारणे हे सर्वांत नुकसानीचे काम आहे. सिलिंडरमध्ये गंज धरलेला असतो. अशा वेळी रिंग तुटू शकते आणि लायनरला चरे पडतात. पुढील क्रमाने जावे.

१. इंजिन ऑइल काढावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. हेड पॅकिंग किंवा हेड यांत दोष असण्याची शक्यता असते. त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

२. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ते दोन चमचे ऑइल सोडावे व एक-दोन दिवस मुरू द्यावे.

३. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. जोर करू नये. फिरत नसेल तर पुन्हा ऑइल सोडावे. तरीही न फिरल्यास हेड उतरवावे लागेल.

४. नोझल बसविण्यापूर्वीच इंजिन काही फेरे फिरवून वर साचलेले ऑइल बाहेर पडू द्यावे. ते आत राहिल्यास इंजिन अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो.

५. डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी. तळाशी पाणी आणि गाळ हमखास असतो. फिल्टर नवा घालावा.

६. नवे ऑइल, फिल्टर व रेडिएटरमध्ये कूलंट भरावे. नंतर आधी फिल्टर, मग पंप आणि शेवटी नोझल, या क्रमाने एअर काढावी. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की नट आवळावा.

चालू नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरते व गंभीर जखम होते. इंजिन सुरू करताना हवेच्या नळीचे तोंड झाकेल एवढी सपाट फळी जवळ ठेवावी. वेग आवरेनासा झाला तर हवा बंद केल्याने इंजिन थांबते. काढलेले जुने ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये.

ब्रेक आणि टायर

इंजिन चालू झाले की गाडी एक फेरी मारून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे मास्टर सिलिंडर व व्हील सिलिंडर आतून गंजतात. चारही ड्रम उतरवावेत, सिलिंडरची किट व रबरी पाइप नवे घालावेत, लायनर पाहावेत. जुने ब्रेक ऑइल पूर्ण काढून गाडीला सांगितलेल्या प्रतीचे नवे भरावे व मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून एअर काढत यावे.

टायरवर नक्षी दिसते म्हणून ते चांगले समजू नयेत. उभ्या गाडीच्या टायरला बाजूने तडे जातात. टायरवर चार आकडी उत्पादन क्रमांक असतो. ३५१२ म्हणजे २०१२ सालचा ३५ वा आठवडा. यावरून टायरचे वय कळते.

वायरिंग

उभ्या गाडीत उंदीर घर करतात. बॅटरी जोडण्यापूर्वी सर्व वायर डोळ्यांखालून घालाव्यात. आवरण गेलेल्या वायर बदलाव्यात. फ्यूजच्या जागी तार लावू नये, त्यामुळे गाडी पेट घेऊ शकते.

चाचणी टप्प्याटप्प्याने

प्रथम इंजिन जागेवर चालवून ऑइलचा दाब, गळती व पाण्याचे तापमान पाहावे. नंतर स्वतःच्या आवारात रिकामी गाडी हळू चालवून ब्रेक पाहावेत. कागद पूर्ण झाल्यावर सपाट रस्त्यावर रिकामी, मग थोडा माल भरून चालवावी. खोपोलीहून वर बोरघाट चढण्याचे काम अगदी शेवटी. चढताना रेडिएटरची आणि उतरताना ब्रेकची परीक्षा होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. न्यूट्रल करून उतरू नये.

हिशेब असा करा

समजा, कागद व दुरुस्ती मिळून ९०,००० रुपये लागतात. गाडी तीन वर्षे चालेल व वर्षाला १०० फेऱ्या होतील, असे धरले तर फेरीमागे ३०० रुपये दुरुस्तीचेच पडतात. त्यात डिझेल, विमा, कर व देखभाल मिळवून भाड्याच्या टेम्पोशी तुलना करावी. फेऱ्या ४० च असतील तर तोच आकडा ७५० रुपये होतो. ज्यांचा माल हंगामात थोडेच दिवस निघतो त्यांना शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांसह भाड्याची गाडी परवडेल. ज्यांना भाजीपाला वर्षभर न्यावा लागतो त्यांच्यासाठी दुरुस्ती फायद्याची ठरू शकते.

हिशेब जुळला नाही तर गाडी तशीच कुजत ठेवू नये. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात ती द्यावी व तेथील प्रमाणपत्र जपून ठेवावे. गाडी कायमची निकामी झाल्यास १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळविणे मालकावर बंधनकारक आहे. नोंदणी रद्द न करता गाडी तोडून विकल्यास ती कागदोपत्री आपल्याच नावावर राहते.

थोडक्यात, कागद, चासी आणि तिसऱ्या गटातील भाग या तीन गोष्टी जमत असतील तरच खर्च करावा. गाडी सुरू झाली तरी ती खात्रीने थांबते, हे पाहिल्याशिवाय तिच्यात माल आणि माणसे बसवू नयेत.